झाडाखालचा न्याय: आफ्रिकेतल्या खेड्यांमधले तंटे, पंच आणि कोर्ट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गावोगावी कायद्याची माहिती देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. बांधाचे, वाटणीचे, पोटगीचे वाद ऐकता ऐकता एक उत्सुकता लागली, की आपल्यासारखीच शेतीवर आणि गुराढोरांवर जगणारी दुसऱ्या देशांतली माणसं हे तंटे कसे मिटवत असतील? वाचत वाचत आफ्रिकेपर्यंत पोचले. आता शिबिरात तिथली एखादी गोष्ट निघाली की प्रश्नांची सरबत्ती होते. बरेचसे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आफ्रिकेत गावच्या न्यायाची एकच अशी पद्धत आहे का?

नाही. आफ्रिका खंडात ५४ देश आहेत, आणि एकेका देशात कितीतरी भाषा आणि रीतिरिवाज. बोत्स्वानात गावसभेला खोत्ला म्हणतात. रवांडात गाचाचा आणि अबुन्झी आहेत. बुरुंडीत बाशिंगांताहे नावाचे पंच असतात, हातातली काठी जमिनीवर आपटून निवाडा देण्याच्या रीतीवरून त्यांना हे नाव पडलं. सोमाली लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेला कायदा म्हणजे हेर. केन्यात मेरू लोकांच्या ज्येष्ठांचं मंडळ आहे, न्जुरी न्चेके. मी इथे जास्त करून बोत्स्वाना आणि रवांडाबद्दल लिहिणार आहे. बाकीचे देश ओघात येतील.

सगळीकडे सारखं दिसतं ते असं. भांडण दोन माणसांचं न धरता दोन घरांचं धरतात. बोलणं चारचौघांसमोर होतं. आणि निवाडा झाल्यावर दोन्ही घरांना उद्या त्याच पाणवठ्यावर जायचं आहे, हे पंच विसरत नाहीत.

पोलीस ठाणी आणि कोर्टं असताना लोक गावातच निवाडा का मागतात?

आपल्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तिथल्या कितीतरी खेड्यांत चढायला जवळपास पायरीच नसते. बोत्स्वानाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट आणि लोकसंख्या मात्र साधारण २४ लाख. एवढ्या विरळ वस्तीत कोर्ट किती लांब पडत असेल याचा अंदाज करा. सिएरा लिओनमध्ये यादवी युद्ध २००२ साली संपलं तेव्हा देशभरात मिळून शंभराच्या आसपास वकील होते आणि त्यांतले बहुतेक राजधानी फ्रीटाउनमध्ये. आतल्या भागातल्या शेतकऱ्याने वकील आणायचा तरी कुठून?

दुसरी अडचण भाषेची. बहुतेक देशांत कोर्टाचं कामकाज इंग्रजी, फ्रेंच किंवा पोर्तुगीजमध्ये चालतं. आपल्याच जमिनीबद्दल काय बोललं जातंय हे दुभाष्याच्या तोंडून ऐकावं लागतं. निम्मं त्यातच गळून जातं.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. माझी गाय चोरीला गेली आणि चोर तुरुंगात गेला, तर मला काय मिळालं? गाय गेली ती गेलीच. फौजदारी कोर्टाचा दंड सरकारी खजिन्यात जमा होतो. गावचे पंच सांगतात, गाय परत कर आणि झालेल्या त्रासापायी वर एक कालवड दे. ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात काहीतरी परत येतं.

खोत्ल्यात प्रत्यक्ष कामकाज कसं चालतं?

खोत्ला म्हणजे जागाही आणि सभाही, जशी आपली चावडी. गावप्रमुखाला खोसी म्हणतात. त्याच्या घराजवळ मोकळं अंगण असतं, एका बाजूला जाड लाकडी मेढी शेजारीशेजारी रोवून केलेला अर्धगोल आडोसा, जवळ एखादं मोठं झाड, थंडीच्या दिवसांत मधोमध शेकोटी. बसायला लाकडी चौकटीवर चामड्याच्या वाद्या विणलेल्या बुटक्या खुर्च्या. कितीतरी जण आपापली खुर्ची घरूनच उचलून आणतात. पुरुषांनी टोपी काढायची, बायकांनी पँट घालून यायचं नाही, हा दंडक आजही बऱ्याच ठिकाणी पाळतात.

समजा, एकाच्या गाई दुसऱ्याच्या ज्वारीत शिरल्या. ज्याचं पीक गेलं तो उठून सगळं सांगतो. त्याला मध्ये कोणी तोडत नाही. मग गाईंचा मालक बोलतो. गाई माझ्या नव्हेतच म्हणाला, तर पाठीवरच्या डागाची आणि कान कातरल्याची खूण तपासतात, कारण प्रत्येक घराची खूण वेगळी आणि ती गावाला पाठ असते. दोन ज्येष्ठ शेतावर जाऊन किती पीक तुडवलं गेलं ते बघून येतात. कुंपण कधीपासून मोडलेलं होतं, गुराखी पोर कुठे गेलं होतं, दोन्ही घरांत याआधी काय बिनसलं होतं, हे सगळं निघतं. आपल्या कोर्टात ‘विषयाला धरून बोला’ म्हणून जे थांबवतील तेच इथे मुद्दाम ऐकून घेतात. मग बसलेल्यांपैकी कोणीही बोलू शकतं. खोसी बोलतो सगळ्यांत शेवटी, आणि सभेचा कल कुठे झुकला आहे ते ओळखूनच बोलतो. तसं केलं नाही तर त्याचं वजन राहत नाही. सेत्स्वाना भाषेतली म्हण आहे, ‘खोसी के खोसी का मोराफे’, म्हणजे लोकांमुळे खोसी हा खोसी. आणखी एक, ‘म्मुआ लेबे ओ बुआ ला गाग्वे’. वाईट बोलणाऱ्यालाही आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे.

ही पद्धत किती सबुरीची आहे हे सेरेत्से खामा यांच्या गोष्टीवरून कळतं. बांग्वातो लोकांच्या गादीचे हे वारस लंडनला शिकायला गेले आणि १९४८ साली त्यांनी रूथ विल्यम्स या गोऱ्या इंग्रज मुलीशी लग्न केलं. गादी सांभाळणारे काका त्शेकेदी खामा कडाडून विरोधात गेले. नोव्हेंबर १९४८ मध्ये सेरोवे गावच्या खोत्ल्यात पहिली बैठक बसली तेव्हा सभेचं मत लग्नाच्या विरोधात होतं. डिसेंबरमध्ये दुसरी बैठक झाली. जून १९४९ मध्ये तिसरी. त्या वेळी सेरेत्सेंनी, ज्यांना आम्ही दोघं मान्य आहोत त्यांनी उभं राहावं, असं सांगितलं आणि हजारोंची सभा जवळजवळ सगळी उभी राहिली. सात महिने गाव बोलत राहिलं आणि बोलता बोलता बदललं. तो निर्णय पचला नाही तो इंग्रज सरकारला. त्यांनी सेरेत्सेंना देशाबाहेर ठेवलं. पुढे १९६६ साली बोत्स्वाना स्वतंत्र झाला तेव्हा तेच पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. प्रश्न एका बाईच्या संसाराचा होता आणि त्या खोत्ल्यात उभे राहिलेले ते हजारो सगळे पुरुष होते.

वकील लावता येतो का?

खोत्ल्याला तिथल्या कायद्यात रिवाजी न्यायालय म्हणतात. बोत्स्वानाच्या या रिवाजी न्यायालयात वकिलाला उभं राहता येत नाही. स्वतःचं स्वतः बोलायचं. दिवाणी भांडणात याने फार बिघडत नाही, उलट पैसेवाल्याची बाजू उगीच जड होत नाही. पण हीच न्यायालयं किरकोळ फौजदारी गुन्हेही चालवतात, आणि तिथे आरोपीला वकील नसणं ही गंभीर गोष्ट आहे. त्यावर कायद्याने वाट ठेवली आहे. वकील हवा असेल तर आरोपी आपला खटला मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात न्यायची मागणी करू शकतो. या वाटेला मी ‘दुसरं दार’ म्हणते. गावच्या न्यायाची कुठलीही पद्धत पारखायची झाली तर मी आधी हे दार शोधते.

निवाडा मानला नाही तर? शिक्षा काय असतात?

बहुतेक वेळा भरपाई आणि दंड, जनावरांच्या किंवा पैशांच्या रूपात. पण बोत्स्वानात फटक्यांची शिक्षाही कायद्यात आहे. ती बायकांना आणि चाळिशीपुढच्या पुरुषांना देता येत नाही. तरुण पुरुषांना देतात, उघड्या नितंबांवर. तिथले बरेच लोक या शिक्षेची बाजू घेतात, तुरुंगात जाऊन बिघडण्यापेक्षा हे बरं म्हणतात. मला ते पटत नाही. सलोख्यावर उभ्या असलेल्या पद्धतीत माणसाला उघडं करून मारणं बसत नाही. देशद्रोह आणि खून असले गुन्हे मात्र या न्यायालयांच्या कक्षेबाहेर आहेत.

खुनासारखी प्रकरणंही गाव मिटवतं का?

काही समाजांत हो. उत्तर युगांडातल्या अचोली लोकांची ‘मातो ओपुट’ ही रीत त्यातली सर्वांत प्रसिद्ध. एका कुळातल्या माणसाच्या हातून दुसऱ्या कुळातला माणूस मेला, तर दोन्ही कुळांचं एकमेकांशी जेवणखाण, सोयरीक, सगळं बंद पडतं. मग ज्येष्ठ मध्ये पडतात. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं निरोपानिरोपी चालते. मारणाऱ्याने कबुली द्यावी लागते आणि त्याच्या कुळाने भरपाई. शेवटी ठरल्या दिवशी मेंढी आणि बोकड कापतात, अर्धे अर्धे करून अदलाबदल करतात. ओपुट झाडाच्या मुळ्या कुटून त्यांचा कडू रस भोपळ्याच्या तुंब्यात कालवतात. दोन्हीकडची माणसं समोरासमोर गुडघ्यांवर बसतात, हात पाठीमागे घेतात आणि खाली वाकून एकाच तुंब्यातून तो रस पितात. झाल्या गोष्टीचा कडूपणा दोघांनी मिळून गिळला, असा त्याचा अर्थ. त्यानंतर दोन्ही घरं एकत्र जेवतात.

याच भागात जोसेफ कोनीच्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर संघटनेने दोन दशकं धुमाकूळ घातला. मुलं पळवून नेली आणि त्यांच्या हातांत बंदुका दिल्या. ती मुलं परत आली तेव्हा गावांनी त्यांना आणखी एका विधीने घरात घेतलं. वाटेवर फांद्यांमध्ये कच्चं अंडं ठेवायचं आणि परतणाऱ्याने त्यावर पाय देऊन ते फोडायचं. अंडं निष्पापपणाचं प्रतीक. बुळबुळीत सालीची फांदी धुऊन निघण्याची. कणगीचं झाकण उघडायची काठी पुन्हा आपल्यात जेवायला बसवण्याची. दहाव्या वर्षी पळवून नेलेल्या आणि विसाव्या वर्षी परतलेल्या मुलाला कुठल्या कोर्टाने याहून चांगलं घर दिलं असतं, मला सांगता येत नाही. पण मातो ओपुट मुळात दोन कुळांमधल्या एखाद्या खुनासाठी आहे. हजारोंच्या कत्तलींना ती पुरणार नाही, असं अचोलींमधलेच अनेक जण म्हणत आले. २००५ साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने जोसेफ कोनी आणि त्याच्या साथीदारांवर वॉरंट काढलं तेव्हा हा वाद फार पेटला होता.

दुसरीकडे सोमालींच्या हेरमध्ये खुनाची भरपाई उंटांत मोजतात. पुरुषाच्या जिवाला १०० उंट, बाईच्या ५०. भरपाई एकटा माणूस देत नाही, त्याचं सगळं कूळ वर्गणी काढून देतं. सूडाचं चक्र याने थांबतं हे खरं. बाईचा जीव निम्म्या मोलाचा धरतात हेही खरं. २०१३ साली नैरोबीच्या हायकोर्टात खुनाच्या एका खटल्यात दोन्ही कुटुंबांनी उंट आणि बकऱ्या देऊन-घेऊन समेट केल्याचं सांगितलं आणि कोर्टाने खटला मागे घेऊ दिला. तेव्हा केन्यात मोठी चर्चा झाली. मला त्यात सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती बलात्काराच्या प्रकरणांची. उत्तर केन्यात अशा समेटाला मसलाहा म्हणतात. दोन्हीकडचे पुरुष बसतात, जनावरं ठरतात, हात मिळवतात. जिच्यावर अत्याचार झाला तिला कोणी काही विचारत नाही. याला न्याय म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गाचाचा म्हणजे काय? वंशसंहाराचे खटले खरोखर गवतावर बसून चालवले?

हो. गाचाचा हा शब्दच गवतावरून आला आहे. पूर्वी गावातले जाणते गवतावर बसून जमिनीचे, गुरांचे, घरगुती वाद सोडवत. १९९४ च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत रवांडात आठ लाखांहून जास्त माणसं मारली गेली, मुख्यतः तुत्सी समाजाची. मारणारे बहुतांशी शेजारी होते. त्यानंतर तुरुंगांत एक लाखाहून जास्त संशयित कोंबलेले. न्यायाधीश आणि वकील मारले गेलेले किंवा देश सोडून गेलेले. नेहमीच्या कोर्टांच्या गतीने हे खटले संपायला शंभराहून जास्त वर्षं लागतील, असा हिशोब मांडला गेला.

म्हणून २००१ साली कायदा करून गाचाचाला नवं रूप दिलं. २००२ मध्ये काही ठिकाणी सुरुवात झाली, २००५ पासून देशभर. १२,००० हून जास्त न्यायालयं बसली. न्यायाधीश गावानेच निवडलेले, साधी शेतकरी माणसं. त्यांना इन्यांगामुगायो म्हणायचे, म्हणजे लबाडीचा तिटकारा असणारे. खांद्यावरून तिरका पट्टा घालून ते एका बाकावर बसत, समोर गाव जमिनीवर. आठवड्यातला ठरलेला दिवस त्यासाठी राखलेला आणि हजेरी सक्तीची. एखादी बाई उठून विचारायची, माझ्या नवऱ्याला कुठे पुरलंत तेवढं सांगा. कितीतरी प्रेतं अशा कबुल्यांमधूनच सापडली आणि नीट मूठमाती मिळाली. कबुली देणाऱ्याची शिक्षा कमी व्हायची, काही शिक्षा सार्वजनिक कामाच्या रूपात भोगता यायची. १८ जून २०१२ रोजी गाचाचा अधिकृतपणे संपली तोवर १९ लाखांहून जास्त प्रकरणं निकाली निघाली होती. याच वंशसंहारासाठी संयुक्त राष्ट्रांनी टांझानियातल्या अरुशा शहरात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बसवलं होतं. त्याने सगळ्या आयुष्यात ९३ जणांवर आरोप ठेवले.

पण आकडे बघून हुरळून जाऊ नये. आरोपीला वकील नव्हता. जुनी वैरं उगवायला खोट्या साक्षी दिल्या गेल्या, काही ठिकाणी साक्षीदारांना धमकावलं, काहींना मारलंही. सत्तेवर आलेल्या रवांडन पेट्रिऑटिक फ्रंटच्या सैनिकांनी केलेल्या हत्या गाचाचापुढे येऊच दिल्या नाहीत. ज्यांची माणसं त्यात गेली त्यांच्यासाठी ते गवत मोकळं नव्हतं. २००८ मध्ये बलात्काराची प्रकरणंही गाचाचाकडे दिली. सुनावणी बंद दाराआड असली तरी खेड्यात कोण आत गेलं हे कोणापासून लपतं?

अबुन्झी म्हणजे आपल्या तंटामुक्त समितीसारखं काही आहे का?

जवळचं आहे, पण सारखं नाही. आपली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. समितीकडे जाणं-न जाणं आपल्या मर्जीवर, आणि चांगलं काम करणाऱ्या गावाला बक्षीस. रवांडात जमिनीचे आणि छोट्या रकमांचे ठरावीक वाद आधी अबुन्झींपुढे न्यावेच लागतात, त्याशिवाय कोर्ट दावा दाखल करून घेत नाही. अबुन्झी म्हणजे समेट घडवणारे. २००४ पासून हे चालू आहे. गावाने सचोटीची म्हणून निवडलेली माणसं, कमीत कमी ३० टक्के बायका, पगार नाही. वादी-प्रतिवादी त्यांतून आपापला एक पंच निवडतात आणि ते दोघे मिळून तिसरा. मला ही तिघांची रीत फार आवडते. निवाडा पटला नाही तर वरच्या पातळीवरच्या अबुन्झींकडे आणि तिथून कोर्टात जाता येतं.

याचा खरा कस लागतो मुलींच्या वाट्याच्या बाबतीत. १९९९ च्या कायद्याने रवांडात मुलीला मुलाइतकाच वारसा मिळाला. त्यामुळे भावाने जमीन दिली नाही तर बहीण आज अबुन्झींपुढे कायद्याचा आधार घेऊन उभी राहते. समोरच्या तिघांत एखादी बाई असली की बोलायला धीर येतो. आमच्या गावात हक्कसोड पत्रावर सह्या करून माहेरचं दार उघडं ठेवणाऱ्या बहिणी मी रोज बघते, त्यामुळे हे वाचताना मन तिथेच रेंगाळलं.

हे सगळं हजारो वर्षांचं, जसंच्या तसं आहे का?

मुळीच नाही. आज ज्याला परंपरा म्हणतात त्यात इंग्रज अमलाने बरीच ढवळाढवळ केली आहे. कमी गोऱ्या अधिकाऱ्यांत मोठा मुलूख सांभाळायचा, म्हणून प्रमुखांमार्फत राज्य करायचं, हे धोरण लुगार्ड या इंग्रज अधिकाऱ्याने उत्तर नायजेरियात रुजवलं. जिथे प्रमुख होते तिथे त्यांना कर, पोलीस आणि तुरुंग देऊन लोकांच्या वर बसवलं. जिथे नव्हते तिथे नेमले. आग्नेय नायजेरियातल्या इग्बो गावांत एकहाती सत्ता असलेला प्रमुख ही गोष्टच बहुतेक ठिकाणी नव्हती. तिथे सरकारने सनदेचे प्रमुख बसवले आणि त्यांच्या हाती न्यायालयं दिली. इग्बो बायकांची मात्र एक जुनी रीत होती. एखादा पुरुष बाईला छळू लागला की सगळ्या जमून त्याच्या दारात ठाण मांडायच्या, त्याला लाज वाटेपर्यंत रात्रभर गाणी म्हणायच्या. १९२९ च्या अखेरीला बायकांवरही कर बसणार अशी धास्ती पसरली तेव्हा हजारो बायकांनी हीच रीत सनदी प्रमुखांच्या दारात नेली, त्यांची न्यायालयं जाळली. सरकारने गोळ्या चालवल्या, पन्नासच्या आसपास बायका मेल्या. त्यानंतर सनदी प्रमुखांची पद्धत गुंडाळावी लागली.

रिवाज लिहून घेताना इंग्रज अधिकाऱ्यांनी विचारलं कोणाला? म्हाताऱ्या पुरुषांना. त्यांनी स्वतःला सोयीचं सांगितलं आणि तेच पुस्तकात कायमचं बसलं. आपल्याकडेही पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने दख्खनच्या पंचायतींबद्दल मोठ्या आदराने लिहिलं होतं, आणि तरी पुढच्या काही वर्षांत कंपनीच्या कोर्टांपुढे त्या मागे पडत गेल्या.

मग या जातपंचायतीच झाल्या ना?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात नेहमी राग असतो, आणि तो योग्य आहे. वाळीत टाकलेली घरं महाराष्ट्राने पाहिली आहेत. म्हणून तर २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

फरक असा. खोत्ला एका जागी राहणाऱ्या सगळ्यांचा असतो आणि त्याच्यावर देशाचा कायदा आहे, अपील आहे. आपली जातपंचायत एका जातीपुरती, कायद्याबाहेर, आणि तिचा सगळा जोर दुसरं दार बंद करण्यावर. पोलिसांत का गेलास म्हणूनच दंड ठोठावतात. साम्यही आहे. बोलणारे पुरुष, बिनबोलत्या बायका, आणि गावात राहायचं असेल तर गुमान मानून घे हा न उच्चारलेला दम. आफ्रिकेत जिथे हा दम जास्त आणि अपील नाही, तिथे त्या पद्धतीला मी जातपंचायतीच्याच रांगेत बसवीन.

कोर्टात जाता येत नाही आणि गावात न्याय मिळत नाही, अशा माणसाने काय करायचं?

सिएरा लिओनमध्ये याला एक चांगलं उत्तर सापडलं. २००३ साली ‘तिमाप फॉर जस्टिस’ ही संस्था उभी राहिली. तिने खेड्यांतल्याच, थोड्याफार शिकलेल्या तरुण-तरुणींना कायद्याचं प्रशिक्षण दिलं. तिथे त्यांना पॅरालीगल म्हणतात, आपण कायदासाथी म्हणू. बाई येऊन सांगते, नवरा मुलांचा खर्च देत नाही. कायदासाथी नवऱ्याच्या घरी जातो, दोघांना समोर बसवतो, रक्कम लिहून दोघांचे अंगठे घेतो. तो गावच्या प्रमुखाला ओळखतो आणि सरकारी कायदाही जाणतो. ऐकलं नाही तर मागे मोजके का होईना वकील आहेत, हे समोरच्याला ठाऊक असतं. तेवढ्याने बहुतेक ठिकाणी काम भागतं. २०१२ च्या विधी साहाय्य कायद्याने अशा कायदासाथींना मान्यता दिली. माझं स्वतःचं काम याच जातीचं असल्यामुळे त्यांचं काम मला घरचं वाटतं.

सरकारने या पद्धतींना मान्यता द्यावी की त्या बंद कराव्यात?

बंद करून त्या बंद होत नाहीत, फक्त अपील बंद होतं. मान्यता द्यावी, पण अटी घालून. केन्याच्या २०१० च्या राज्यघटनेने १५९ व्या कलमात पारंपरिक पद्धतींना चालना द्या म्हटलं आणि लगेच पुढे बजावलं, की त्या मूलभूत हक्कांच्या विरोधात जाता कामा नयेत. दक्षिण आफ्रिकेत पारंपरिक न्यायालयांच्या विधेयकावरून २००८ पासून वर्षानुवर्षं झगडा झाला. खेड्यांतल्या बायकांच्या संघटना विचारत होत्या, मला प्रमुखाच्या न्यायालयात जायचं नसेल तर ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे का? मूळ मसुद्यात तो नव्हता. त्यांच्या विरोधामुळेच ते विधेयक पुन्हा पुन्हा अडलं. माझ्या मते या सगळ्या विषयातला कळीचा प्रश्न त्यांनी विचारला.

बायकांना या व्यवस्थेत कधी न्याय मिळाला आहे का?

मिळाला आहे, झगडून. बोत्स्वानात बालेते लोकांच्या मोसादी सेबोको २००३ साली रामोत्स्वाच्या गादीवर बसल्या. एवढ्या मोठ्या गादीवर बसलेल्या त्या देशातल्या पहिल्या बाई. ज्या अंगणात बायकांनी बोलायचं नसे तिथे निवाडा द्यायला बाई बसली. दक्षिण आफ्रिकेत २००४ च्या भे खटल्यात घटना न्यायालयाने ज्येष्ठ पुरुषालाच वारसा देणारा रिवाज रद्द केला. त्यातल्या दोन लहान मुलींच्या वडिलांचं घर आजोबा विकायला निघाले होते.

पण मी शिबिरात सांगते ती गोष्ट बोत्स्वानातल्या कान्ये गावची. बांग्वाकेत्से लोकांच्या रिवाजाप्रमाणे आईवडिलांचं राहतं घर सगळ्यांत धाकट्या मुलाला जातं. म्हाताऱ्या झालेल्या चार बहिणी आईवडिलांच्या घराची काळजी घेत होत्या, पदरचे पैसे घालून त्याची डागडुजी करत होत्या. एक दिवस सावत्र भावाच्या मुलाने येऊन सांगितलं, रिवाजाप्रमाणे हे घर माझं, रिकामं करा. गावच्या खालच्या रिवाजी न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. वरच्या रिवाजी न्यायालयाने म्हटलं, घर सगळ्या भावंडांचं. त्याच्यावरच्या अपिलात पुन्हा पारडं पुतण्याकडे झुकलं. बहिणी हायकोर्टात गेल्या. सरकारी बाजूचं म्हणणं होतं, की समाज अजून या बदलाला तयार नाही. १२ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायमूर्ती की डिंगाके यांनी हा रिवाज घटनेतल्या समानतेच्या विरुद्ध असल्याचा निकाल दिला. जन्म घ्यायला धडपडणाऱ्या नव्या जगासाठी न्यायाधीशांनी सुईणीचं काम करायची वेळ आली आहे, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. चौघींपैकी जिच्या नावाने हा म्मुसी खटला ओळखला जातो ती तेव्हा ८० वर्षांची होती.

पुतण्या आणखी वर गेला. ३ सप्टेंबर २०१३ रोजी अपील न्यायालयाने बहिणींच्या बाजूने निकाल कायम केला आणि कारण मात्र वेगळं दिलं. रिवाज दगडावर कोरलेला नसतो, जगणाऱ्या माणसांबरोबर तो बदलत जातो. घर कोणाकडे जायचं हे कुटुंबाने आपसात बोलून ठरवायचं असतं, आणि मुलगी म्हणून कोणाला बाहेर काढा असं बांग्वाकेत्सेंचा आजचा रिवाजच सांगत नाही. म्हणजे खालच्या न्यायालयात रिवाजाचं नाव घेऊन ज्यांना घराबाहेर काढत होते, त्यांना वरच्या न्यायालयाने तोच रिवाज परत मिळवून दिला. त्यासाठी त्या बहिणींना पाच दारं ओलांडावी लागली. घर त्यांच्याकडे राहिलं.